छताला टांगायची कला : आधी वजन, मग डिझाइन



मागच्या व्हिडिओत मी लोणावळ्याच्या एका हॉटेलच्या लॉबीत उभा राहून बोलत होतो. वर छतापासून शेकडो छोट्या पांढऱ्या चकत्या टांगलेल्या होत्या आणि त्या हळूहळू हलत होत्या. खूप जणांनी एकच विचारलं, "सर, हे काम कोण करतं? आणि यात धंदा आहे का?"

धंदा आहे. पण व्हिडिओच्या बारा मिनिटांत या धंद्याची खरी बाजू सांगता येत नाही, म्हणून हा लेख. चहा घेऊन बसा, वही-पेन जवळ ठेवा. मध्ये थोडा हिशोब आहे.

पहिली ऑर्डर आणि एक प्रश्न

ट्रेनिंग सुरू करण्याआधी मी डेकोरेशनची कामं करायचो. एका जुलैमध्ये लोणावळ्यात एका हॉलचं काम मिळालं. तीन दिवसांचा कार्यक्रम होता. मी कागदाची दीडशे फुलं आणि छत्र्या करून घेतल्या आणि तंगूस वापरून फॉल्स सिलिंगच्या पट्ट्यांना बांधल्या. पहिल्या दिवशी लोक वर बघून फोटो काढत होते. मी खूश.

आता लोणावळ्याचा जुलै म्हणजे काय, हे मावळातल्या माणसाला सांगायला नको. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणारं गाव. धुकं खिडकीतून सरळ आत येतं. दोन रात्रींत कागदाने ओल धरली, फुलं मलूल झाली, जड झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी सिलिंगचा एक तुकडा फुलांसकट खाली आला. टेबल मांडलेलं होतं, खुर्च्या रिकाम्या होत्या. पाहुणे अर्ध्या तासाने येणार होते.

कोणाला लागलं नाही, हे माझं नशीब. हॉलच्या मॅनेजरने आरडाओरडा केला नाही. त्याने शांतपणे एकच विचारलं, "दादा, वर एकूण वजन किती होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वजन कधी केलंच नव्हतं. ॲडव्हान्स परत केला, सिलिंगचा खर्च भरला, आणि पतपेढीचे हप्ते पुढचं वर्षभर फेडत बसलो. आज या कामाबद्दल कोणी सल्ला मागितला की मी तोच प्रश्न पहिला विचारतो. वजन किती?

हे काम आपल्याला नवीन नाही

"सस्पेंडेड इन्स्टॉलेशन" म्हटलं की काहीतरी परदेशी, महागडं वाटतं. पण दिवाळीत आपण काय टांगतो? बांबूच्या कामट्या, वर पातळ कागद, खाली झिरमिळ्या. आकाशकंदील म्हणजे कमीत कमी वजनात जास्तीत जास्त आकार. हातात घेतला तर पिसासारखा, पण लांबून बघाल तर अख्खं अंगण भरून टाकतो. हीच या धंद्याची मूळ युक्ती आहे.

आणखी जुनं उदाहरण हवं असेल तर एकवीरा आईच्या दर्शनाला जाल तेव्हा शेजारच्या कार्ला लेण्याच्या चैत्यगृहात शिरा आणि मान वर करा. साधारण १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद असा तो दगडात कोरलेला हॉल. त्याच्या छताला लाकडी कमानी बसवलेल्या दिसतील. त्या छत पेलत नाहीत. छत म्हणजे अखंड डोंगर, त्याला लाकडाच्या आधाराची गरजच नाही. त्या कमानी लावल्या आहेत त्या बघणाऱ्यासाठी. त्यांच्यामुळे एवढा मोठा दगडी हॉल लाकडी सभागृहासारखा वाटतो, नजर एका लयीत आतल्या स्तूपापर्यंत जाते. आत स्तूपावर लाकडी छत्रही आहे. सुमारे दोन हजार वर्षं झाली, ते लाकूड अजून टिकून आहे.

मोठ्या जागेत वरची पोकळी माणसाला अंगावर येते. ती पोकळी जड न करता भरायची, हे काम आपल्या मावळात दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी करून ठेवलंय.

आज गिऱ्हाईक कोण?

एक्सप्रेस वेवरून जाताना दोन्ही बाजूंना बघा. लोणावळा, कामशेत, पवना धरणाचा परिसर इथे रिसॉर्ट आणि लग्नाचे हॉल आहेत. तळेगाव आणि चाकणच्या बाजूला कारखाने, त्यांची ऑफिसं, हॉस्पिटलं, शाळा-कॉलेजं. या सगळ्यांकडे उंच लॉबी किंवा मोठा हॉल असतो. भिंतीवर चित्र लावलं तर जागेत हरवून जातं. झुंबर लावायचं तर महाग, जड, आणि पुसायला कोण चढणार?

दुसरी गोष्ट. राज्य सरकारने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक आणि थर्मोकोलवर बंदीची अधिसूचना काढली, त्यात सजावटीचं थर्मोकोलही आलं. तोवर हलकी सजावट म्हणजे थर्मोकोल हे समीकरण होतं. ती जागा आता बांबू, कापड, कागद आणि पातळ ॲल्युमिनियमची आहे. ज्याच्या हाताला कंदील येतो, बुरूड काम येतं, शिवण येतं, त्याला इथे शिरायला वाट आहे.

वजनाचा तक्ता पाठ करा

आता हिशोब. एक चौरस मीटर तुकड्याचं वजन साधारण असं भरतं:

- १ मिमी लोखंडी पत्रा : ७.८ किलो
- ३ मिमी काच : ७.५ किलो
- ३ मिमी ॲक्रिलिक : ३.६ किलो
- १ मिमी ॲल्युमिनियम : २.७ किलो
- १०० जीएसएम कागद किंवा कापड : ०.१ किलो, म्हणजे फक्त १०० ग्रॅम

शेवटची ओळ परत वाचा. आकार तोच, पण काचेच्या तुलनेत वजन पंचाहत्तर पट कमी.

समजा, तुम्हाला एका लॉबीसाठी "काजवे" या कल्पनेवर काम करायचंय. पावसाच्या तोंडावर राजमाची भागात काजव्यांनी झाडं लखलखतात, ते बघायला लोक मुंबई-पुण्याहून येतात. विषय इथलाच आहे, हॉटेलवाल्याला पाहुण्यांना सांगायला गोष्टही मिळते. २५ सेंटीमीटर व्यासाचे २०० तुकडे धरू.

काचेत केले तर एक तुकडा सुमारे ३७० ग्रॅम, एकूण ७४ किलो. ॲक्रिलिकमध्ये १७५ ग्रॅम, एकूण ३५ किलो. बांबूच्या कामटीचं कडं आणि वर पातळ कापड, असं केलं तर एक तुकडा ६० ग्रॅमच्या आसपास, एकूण १२ किलो.

याच्यावर बाकीचं चढवा. २०० तुकड्यांना सरासरी ४ मीटर बारीक स्टीलची तार, म्हणजे ८०० मीटर : साधारण ३ किलो. वर टांगायला ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची ३० मीटरची फ्रेम : साधारण ११ किलो. हुक, क्लॅम्प, कड्या : ४ किलो. एकूण ३० किलो. म्हणजे अख्खी लॉबी भरून टाकणारं काम सिमेंटच्या एका पोत्यापेक्षा हलकं!

"सर, काजवा आहे तर प्रत्येकात दिवा नको?" नको. २०० दिवे म्हणजे २०० वायरी, २०० जोड, आणि एक बंद पडला की परत शिडी. प्रकाश बाहेरून टाका. बाजूच्या दोन-चार स्पॉटलाइटने कापड उजळतं आणि तुकडा हलला की चमक आपोआप लुकलुकते.

तीन टनांचं काम ४२० किलोत

वजन कमी करणं म्हणजे गरिबी करणं नाही, हे पटवायला जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सांगतो. अलेक्झांडर कॅल्डर हा अमेरिकन शिल्पकार, टांगून हलणाऱ्या शिल्पांचा बाप माणूस. १९५५ मध्ये तो अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे येऊन राहिला होता आणि तिथे त्याने कामही केलं होतं.

त्याचं शेवटच्या काळातलं एक प्रचंड काम वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, २३ मीटर रुंद. आधी ठरलं होतं तसं स्टीलमध्ये केलं असतं तर ते तीन टनांच्या आसपास गेलं असतं आणि हलवायला मोटर लागली असती. मग पॉल मॅटिस या कारागीर डोक्याच्या कलाकाराने ते मधमाशांच्या पोळ्यासारख्या पोकळ ॲल्युमिनियममध्ये बांधलं. वजन उतरलं सुमारे ४२० किलोवर. मोटरची गरजच राहिली नाही. हॉलमधल्या हवेनेच ते फिरतं. कॅल्डर १९७६ मध्ये गेला, शिल्प १९७७ मध्ये टांगलं गेलं.

इथे वजन कमी केल्यामुळे शिल्प सुरक्षित झालं, आणि त्याच्यात जीवही आला.

टांगताना चुका होतात त्या इथे

१. फॉल्स सिलिंगवर विश्वास ठेवू नका. जिप्समचं सिलिंग स्वतःचं वजन पेलायला बनवलेलं असतं, तुमचं नाही. वर खरा स्लॅब, बीम किंवा ट्रस शोधा आणि तार सिलिंगमधून आरपार नेऊन तिथे पकडा. माझी चूक हीच होती.

२. न विचारता ड्रिल मारू नका. नव्या मोठ्या इमारतींत काही स्लॅब पोस्ट-टेन्शन असतात, म्हणजे आत ताणलेल्या केबल असतात. ड्रिल त्या केबलला लागलं तर नुकसान तुमच्या ऑर्डरच्या कित्येक पट. मालकाकडून स्लॅबचा नकाशा मागा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी परवानगी घ्या. कारखान्याच्या शेडमध्येही कुठल्या सांगाड्याला टांगायचं हे इंजिनिअरच सांगेल.

३. तिरक्या तारेचं गणित समजून घ्या. १०० किलोची वस्तू दोन सरळ उभ्या तारांवर टांगली तर प्रत्येकीवर ५० किलो. त्याच तारा तिरक्या करून छताशी ६० अंशाचा कोन ठेवला तर प्रत्येकीवर ५८ किलो. ३० अंशावर पूर्ण १००. आणि जवळजवळ आडव्या, १० अंशावर आणल्या तर प्रत्येकीवर तब्बल २८८ किलो! कपडे वाळत घालायची दोरी जितकी ताणून बांधाल तितकी लवकर तुटते, तसंच हे. तारा शक्यतो सरळ ठेवा.

४. दहापट ताकद धरा. डोक्यावर टांगायच्या वस्तूला मी दहापटीचा नियम सांगतो. एका तारेवर ५ किलो येणार असेल तर तार, हुक आणि अँकर हे तिन्ही ५० किलोला टिकणारे हवेत. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी कुठली ते बघा. बहुतेक वेळा तार टिकते आणि गाठ सुटते. गाठ मारू नका, फेरूल दाबून घ्या. शिवाय मुख्य फ्रेमला एक जादा सेफ्टी तार ठेवा, पहिली सुटली तरी दुसरी धरेल.

५. तंगूस फक्त दोन दिवसांच्या कामाला. तो दिसत नाही म्हणून मोह होतो. पण नायलॉन ताणतो, उन्हाने कडक होतो, दिव्याच्या उष्णतेने वितळतो. कायमच्या कामाला बारीक स्टेनलेस तारच.

६. फायरवाल्यांना आधी दाखवा. स्प्रिंकलर, धूर ओळखणारे सेन्सर, कॅमेरे, बाहेर जायच्या पाट्या यातलं काहीही झाकता कामा नये. कापड आणि कागदाला आग-रोधक प्रक्रिया करून घ्या, तिचं सर्टिफिकेट फाइलला लावा. एक तुकडा बाहेर नेऊन स्वतः पेटवून बघा. सर्टिफिकेटपेक्षा डोळ्यांवर विश्वास बरा.

मावळच्या हवेचं वेगळं बघा

पुण्यात टिकलेलं काम लोणावळ्यात टिकेलच असं नाही. कागद आणि सुती कापड दमट हवेत ढिलं पडतं, म्हणून पॉलिस्टरचं पातळ कापड घ्या किंवा कागदावर पाणी न धरणारा थर द्या. पिठाची खळ इथे बुरशीला आणि झुरळांना आमंत्रण. लोखंडी खिळा, साधी तार गंजून पांढऱ्या कापडावर तांबडा ओघळ येतो.

बांबूला किडीचा त्रास. वर्षभराने खाली टेबलावर पिवळसर भुकटी पडायला लागली की समजा, आत पोखरणं सुरू आहे. टाळायचं असेल तर कामट्या बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून, सावलीत पूर्ण वाळवून मगच वापरा. हे काम पावसाळ्याच्या आधी उरका.

आणि माझ्या जुलैपासून शिकलेली सवय सांगतो. नमुन्याचा एक पूर्ण तुकडा करा, कोरडा असताना वजन करा, मग चार दिवस पावसाळी हवेत टांगून परत वजन करा. वाढलेलं वजनच हिशोबात धरा. हा नमुना एसीच्या झोतासमोरही टांगून बघा, शेजारच्या तुकड्यात अडकतो का ते तिथेच कळतं.

भाव कसा काढायचा?

नवा माणूस इथेच बुडतो. तो साहित्याची किंमत दुप्पट करतो आणि कोटेशन देतो. आपल्या काजव्यांचं उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या भागातले भाव तुम्ही टाका.

- साहित्य : ३८,०००
- २०० तुकड्यांची मजुरी, प्रत्येकी १५० रुपये : ३०,०००
- फ्रेम करून घेणे : १४,०००
- स्कॅफोल्डिंग आणि रात्रीची फिटिंगची टीम : ३२,०००
- इंजिनिअरची फी : १०,०००
- वाहतूक : ६,०००

बेरीज १,३०,०००. अचानक खर्चासाठी दहा टक्के, १३,०००. झाले १,४३,०००. यावर पंचवीस टक्के नफा धरला तर कोटेशन जातं १,७९,००० च्या आसपास, जीएसटी वेगळा. "साहित्य दुप्पट" पद्धतीने तुम्ही ७६,००० सांगितले असते. म्हणजे ऑर्डर मिळाली म्हणून पेढे वाटले असते आणि ६७,००० रुपये खिशातून गेले असते!

फिटिंगचा खर्च बघा, साहित्याच्या जवळपास जातो. हॉटेल दिवसा काम करू देत नाही, रात्री अकरानंतर लॉबी मिळते आणि सकाळी सहाला रिकामी करून द्यावी लागते. वर चढणाऱ्या प्रत्येक मुलाला हार्नेस, हेल्मेट, हत्याराला दोरी. खाली जागा अडवलेली. त्यांचा अपघात विमा आणि तुमचा पब्लिक लायबिलिटी विमा, हे खर्च वाचवायचे नसतात. तो मुलगा कोणाच्या तरी घरचा कमावता आहे.

कागदावर काय हवं?

पैसे तीन टप्प्यांत घ्या : ऑर्डरबरोबर निम्मे, माल तयार झाल्यावर चाळीस टक्के, टांगून झाल्यावर उरलेले दहा. उद्यम नोंदणी करून ठेवा, ती मोफत आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात; उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येतं. बिलावर उद्यम नंबर छापा, मग बोलणंच बदलतं.

देखभालीचा करार वेगळा करा : दर सहा महिन्यांनी तार, क्लॅम्प तपासणे, धूळ काढणे, खराब तुकडे बदलणे. वीस तुकडे आधीच जास्त करून ठेवा. चार ठिकाणचे असे करार झाले की लग्नसराई नसतानाही घर चालतं.

आणि एक अट जरूर घाला : आम्हाला विचारल्याशिवाय काम हलवायचं नाही, रंग बदलायचा नाही, काही जोडायचं नाही. कॅल्डरच्या पिट्सबर्ग विमानतळावरच्या शिल्पाचा मूळ काळा-पांढरा रंग त्याला न विचारता हिरवा-सोनेरी केला गेला होता. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत झालं, तर आपलं काय? उद्या कोणी तुमच्या फ्रेमला वाढदिवसाचे फुगे आणि साउंडचा स्पीकर बांधला आणि ती खाली आली, तर बोट तुमच्याकडे दाखवतील.

नावाची छोटी पाटीही मागून घ्या. कार्ल्याला परत जाल तेव्हा लेख वाचणाऱ्या जाणकाराला सोबत न्या. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे काम पुरं केलं, असं तिथे कोरलेलं आहे. श्रेष्ठी म्हणजे व्यापारीच, तुमच्या-माझ्यासारखा धंदेवाला. त्याचं नाव राहिलं. त्या कमानी बसवणाऱ्या सुतारांचं नाव आज आपल्याला ठाऊक नाही. तुम्ही सुतारही आहात आणि व्यापारीही, तर दोघांच्या वतीने पाटी लावा.

या आठवड्याचा गृहपाठ

मोठ्या हॉटेलपासून सुरुवात करू नका. ओळखीच्या डॉक्टरांची वेटिंग रूम, गावातलं वाचनालय, शाळेचा हॉल, असं एक छोटं ठिकाण निवडा. छत किती उंच आहे, वर खरा स्लॅब कुठे आहे, हवा कुठून येते, लोक कुठून बघतात, हे लिहून काढा. एक नमुना करा. किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवा. त्याला तुकड्यांच्या संख्येने गुणा, तार आणि फ्रेम मिळवा.

जो आकडा येईल तो कोटेशनच्या पहिल्या ओळीत लिहा, भावाच्याही आधी : "एकूण टांगलेले वजन : इतके किलो." समोरचा मॅनेजर ती ओळ वाचेल आणि त्याला कळेल की हा माणूस वर बघायच्या आधी खाली बसणाऱ्यांचा विचार करतो. मला ही ओळ लिहायला एक सिलिंग आणि एक वर्षाचे हप्ते लागले. तुम्हाला वजनकाटा पुरेल.

पुढच्या व्हिडिओत बांबूच्या कड्याचा नमुना प्रत्यक्ष करून दाखवतो. तोवर गृहपाठ करून ठेवा. भेटूया!